कोंग्याचं कातडं

देवराज भिवाजीच्या घरी बसायच्या खोलीत बसायला जागा नव्हती, हे आधीच कबूल करून टाकलेलं बरं. पाहुणा आला की देवराजची बायको इंद्राणी त्याला थेट स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवायची. बाहेरच्या खोलीत ढोल बसलेले असायचे. आजोबांची फुटकी ढोलकी, एका कोळ्याकडून आणलेलं, परातीएवढं चपटं रावान, गोऱ्या पलटणीतून निकालात काढलेला एक पितळी नगारा, आणि एक तबला. तबल्याचा डग्गा कुठे गेला ते कोणालाच माहीत नव्हतं. देवराजला नवं वाद्य चालत नसे. "नवं कातडं नुसतं ओरडतं. जुनं बोलतं," असं तो म्हणायचा. त्यावर इंद्राणी म्हणायची, "बोलत असेल तर त्याला विचारा, धूळ कोण पुसतंय."

पोर्ट लुईच्या बेटावर, रोझ बेलजवळच्या साखर कारखान्यात देवराज वजनकाट्यावर कारकून होता. गावातल्या मराठी मंडळाचा चिटणीसही तोच. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात मंडळाच्या देवळाचं पत्र्याचं छप्पर उडून थेट उसात गेलं होतं. त्यानंतर सगळ्यांनी मिळून देवळाच्या जागी नवा हॉल बांधला, आणि यंदा, म्हणजे बासष्ट साली, त्या हॉलमध्ये पहिला गणपती बसायचा होता. चिटणीसाच्या डोक्यावर बरीच कामं होती. पण ऑगस्टच्या एका सोमवारी बंदरावर मालाची मोजदाद करणारा त्याचा मित्र देवानंद याचा निरोप आला, आणि सगळी कामं डोक्यावरून उतरली.

निरोप असा: बंदरात एक प्रवासी जहाज लागलंय, त्यावरच्या बँडातला म्हातारा वाजवणारा क्यूबाचा आहे, आता काम सोडतोय, आणि दोन कोंगे, म्हणजे कमरेएवढे उभे ढोल, आणि बोंगोंची, म्हणजे छोट्या ढोलक्यांची, एक जोडी विकतोय. तीस वर्षं जुनी.

कोंगे देवराजने फक्त रेडिओवर ऐकले होते, तेही खरखरीच्या पलीकडून. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. सकाळी दाढ दुखते असं सांगून त्याने रजा काढली. तोडणीच्या हंगामात काट्यावरच्या माणसाने रजा मागणं म्हणजे लग्नात भटजीने रजा मागण्यासारखंच. पण त्याने गाल इतका मनापासून धरला होता की साहेबाने स्वतः लवंग दिली. देवराज ती चघळत पोर्ट लुईच्या बसमध्ये चढला.

म्हातारा धक्क्यावरच भेटला. त्याला फ्रेंच जेमतेम यायची, देवराजला स्पॅनिश अजिबात नाही. पण म्हाताऱ्याने मोठ्या कोंग्यावर तळवा टाकला, आणि पोटात काहीतरी सरकल्यासारखा आवाज आला. देवराजने डोळे मिटले. सौदा झाला. किती दिले हे त्याने इंद्राणीला कधी सांगितलं नाही, तेव्हा आपणही विचारायला नको.

अडचण पुढे, फाटकावर आली.

जकातीच्या टेबलामागचा अधिकारी सभ्य माणूस होता, आणि सभ्य अधिकाऱ्याशी भांडता येत नाही, ही त्यातली खरी पंचाईत. त्याने कोंगा उभा केला, आडवा केला, खालून आत डोकावून पाहिलं.

"की एते सा?" हे काय आहे?

"तांबूर, मिस्ये," देवराज साहेबाला अदबीने म्हणाला. "ढोल."

"मला पिंप दिसतंय." अधिकारी विचारात पडला. "पिंपाला रमचा परवाना लागतो."

"पण याला बूडच नाही, मिस्ये. रम ठेवणार कुठे?"

अधिकाऱ्याने हा मुद्दा प्रामाणिकपणे लिहून घेतला. मग त्याने वरून हात फिरवला. "बरं, ढोल. पण हे कातडं आहे. परदेशी जनावराचं कातडं. कुठलं जनावर?"

देवराजला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याला विचारावं तर तो जहाजावर परत गेला होता, आणि जहाजाचा भोंगा वाजत होता.

आता नियम असा की कातडं असेल तर सरकारी पशुवैद्याचा दाखला लागणार, आणि तो येईपर्यंत माल गोदामात राहणार. गोदामाचं छप्पर कसं गळतं ते देवानंदने बाजूला नेऊन सांगितलं. "पण धार्मिक संस्थेसाठी वाद्य आणलं तर दुसरा अर्ज असतो," तो कुजबुजला. "माल आत्ता सोडतात, दाखला महिन्याभरात द्यायचा. तू चिटणीस ना मंडळाचा? अध्यक्षांची सही आण, झालं."

झालं, हा शब्द देवानंद फार सहज वापरायचा.

मंडळाचे अध्यक्ष हरिलालगुरुजी निवृत्त मास्तर होते. उन्हात पावसात काळा कोट. स्वभाव इतका काटेकोर की आरतीला कोणी अर्धी टाळी जास्त वाजवली तरी मान वळवून पाहायचे. ते सहीला नाही म्हणणार, याची देवराजला खात्री होती. तो अपमान सोसायच्या तयारीनेच गेला. पण गुरुजींनी अर्ज दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"परदेशातून? आपल्या गणपतीसाठी?"

"म्हणजे... तसंच," देवराज म्हणाला.

"देवराज, तुझ्यात एवढी भक्ती असेल असं वाटलं नव्हतं मला."

गुरुजींनी लफ्फेदार सही ठोकली. देवराजला मनातून जरा ओशाळल्यासारखं झालं, पण तो तसाच बंदरावर परतला आणि ढोल सुटले. संध्याकाळपर्यंत गुरुजींनी ही बातमी बाजारात, बसथांब्यावर आणि चिन्याच्या दुकानात सांगून टाकली: नव्या हॉलच्या पहिल्या गणपतीला समुद्रापारचा मृदंग वाजणार, आपला चिटणीस वाजवणार. देवराजने तोवर कोंग्याला फक्त एक बोट लावलं होतं.

ढोल बसच्या टपावर, गाजरांच्या टोपल्यांच्या मधोमध बसून घरी आले. क्युरपीपच्या उतारावर धाकट्या कोंग्याने दोरी सोडली आणि तो कंडक्टरच्या आधी खाली उतरला. कोणाला लागलं नाही. कोंग्यालाही नाही. पण मागच्या गाडीतल्या बाईंनी "बोंदिए!", अरे देवा, अशी जी किंकाळी फोडली, ती देवराजला पुढे कित्येक दिवस ऐकू येत होती.

घरी आल्यावर इंद्राणी दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. चार वाद्यं उतरली तशी ती म्हणाली, "दाढेचं काय झालं?"

"बरी आहे."

"असणारच. दाढ काढून एवढं मोठं काय बसवलंत तिथे?"

दुसऱ्या दिवशी देवराजने वाजवायला सुरुवात केली. रोझ बेलची हवा त्या दिवसांत अशी असते की काड्यांची पेटी उशाखाली ठेवावी लागते. कोंग्याचं कातडं भिजल्या पापडासारखं सैल पडलं. थाप मारली की नुसतं "भद्द" म्हणायचं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे मिस्ये गास्तों रावान वाजवण्यात पटाईत. ते कुंपणावरून म्हणाले की गवत पेटवून त्यावर शेकायचं, दुसरा इलाज नाही. पलीकडचा शिंपी म्हणाला की लिंबू चोळा. चिन्याने तांदळात पुरून ठेवायला सांगितलं आणि तांदूळही काढून दाखवले. देवराजने सगळ्यांचं ऐकून घेतलं, कारण तो चिटणीस होता, आणि शेवटी गास्तोंचं केलं. अंगणात पाचोळा पेटवला, कोंगा आडवा धरून फिरवू लागला. कातडं ताणलं गेलं. त्याने टिचकी मारली: टण्ण! त्या आवाजाने त्याला इतका आनंद झाला की फिरवायचं राहून गेलं, आणि कडेला बोटभर जागा करपली.

वास गल्लीभर गेला. त्या वासामागून विद्यावतीआजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, हातात काठी. गावात कोणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे.

त्या कोंग्याशी वाकल्या. हुंगलं. मग सरळ उभ्या राहून त्यांनी साधा प्रश्न विचारला.

"देवराज, कशाचं कातडं रं ह्ये?"

गास्तोंनी कुंपणावरचे हात काढून घेतले. शिंप्याने लिंबू खिशात घातलं. देवराज करपलेली कड बोटाने घासू लागला.

"बकऱ्याचं नाय ह्ये," आजी म्हणाल्या. "लई जाड हाय." एवढं बोलून त्या घरी गेल्या. वाईट हेतू काहीच नव्हता. पण गावात काही गोष्टी पूर्ण बोलाव्या लागत नाहीत.

दुपारी ते कातडं बहुधा मोठ्या जनावराचं होतं. चार वाजता बैलाचं झालं. दिवेलागणीपर्यंत ते गाईचं होतं, आणि गाय कपिला होती.

हरिलालगुरुजी कोट न घालता आले. त्यांना कोटाशिवाय गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

"माझी सही आहे," ते खुर्चीत बसत म्हणाले. खुर्चीत तबला होता. तो काढेपर्यंत ते तसेच अर्धवट टेकून राहिले. "देवळासाठी, असं लिहिलंय वर. माझ्या हातून देवळात गाईचं कातडं आलं, देवराज?"

"गुरुजी, अजून ठरलेलं नाही कसलं आहे ते."

"चंद्रमोहनने ठरवलंय."

चंद्रमोहन म्हणजे गेल्या खेपेला अध्यक्षपदासाठी तीन मतांनी पडलेला माणूस. ती तीन मतं कोणाची हे तो अजून शोधत होता. त्याने शनिवारी सभा मागितली होती. सोमवारी गणपती. सभेत देवराजने खुलासा करायचा. कातडं गाईचं निघालं तर अध्यक्ष आणि चिटणीस दोघांनी राजीनामा द्यायचा आणि गणपतीच्या दिवशी हॉलच्या पायरीवरही यायचं नाही.

"चाळीस वर्षं मी या गावात मुलांना श्लोक शिकवले," गुरुजी म्हणाले. "माझ्या बायकोच्या आठवणीसाठी त्या हॉलमध्ये एक खिडकी दिलीय मी."

देवराजला त्या क्षणी आपली लाज वाटली. गंमत म्हणून केलेल्या गोष्टीत त्याने एका म्हाताऱ्या माणसाचं नाव ओवलं होतं. "मी दाखला आणतो," तो म्हणाला. "शनिवारच्या आत आणतो."

शुक्रवारी पुन्हा दाढ दुखली. साहेबाने या वेळी लवंग दिली नाही.

पशुवैद्याच्या दवाखान्यात देवराज मोठा कोंगा मांडीशी धरून बाकावर बसला. डाव्या बाजूला एक खोकणारी शेळी, उजवीकडे कान बांधलेला कुत्रा. कुत्रा कोंग्याकडे एकटक बघत होता. देवराज कारकून माणूस. दुसऱ्या कारकुनाच्या खिडकीशी उभं राहताना त्याला नेहमी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटे. पण इथल्या खिडकीमागच्या बाईंकडे एकच छापील फॉर्म होता.

"जनावराचं नाव?"

"कोंगा."

"प्रकार?"

"तेच विचारायला आलोय."

"वय?"

"तीस वर्षं."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खातंय का नीट?"

"बाई, ते मेलेलं आहे."

"मग डॉक्टर काय करणार?" बाईंना मनापासून वाईट वाटलं. "आम्ही जिवंतच बघतो."

यावर बराच वेळ गेला. बाईंचं म्हणणं, मेलेल्या जनावरासाठी फॉर्म नाही. देवराजचं म्हणणं, यातला आवाज जिवंत आहे. आणि ते सिद्ध करायला त्याने एक थाप मारली. शेळी उडी मारून मालकाच्या अंगावर गेली, कुत्रा भुंकू लागला, आणि आतलं दार उघडून डॉक्टर रिव्हिएर बाहेर आले. उंच, वाकलेले, हातात अर्धी पेस्ट्री.

"कोणी वाजवलं?" त्यांनी विचारलं.

देवराजने गुन्हेगारासारखा हात वर केला.

"आणखी एकदा वाजवा."

त्याने वाजवलं. डॉक्टरांनी पेस्ट्री संपवली, हात पुसले आणि कोंगा आत घ्यायला लावला.

त्यानंतरच्या दहा मिनिटांसारखी दहा मिनिटं देवराजने आयुष्यात काढली नव्हती. मुलीच्या जन्मावेळीही नाही, कारण तेव्हा त्याला बाहेर तरी बसवलं होतं. डॉक्टरांनी खालून बॅटरी मारली. लोखंडी कड्याखाली दुमडलेली कातड्याची कड चिमट्याने उचलली. तिथे मूळचे केस शिल्लक होते, आखूड आणि राखाडी. मग त्यांनी कोंगा खिडकीशी नेला, उजेड आरपार येईल असा धरला, आणि कातड्याच्या मधोमध बोट फिरवलं. तिथून एक पुसट काळा पट्टा गेला होता.

"हा दिसतोय? पाठीवरचा. आणि हे केस." ते हसले. "हे गाईचं नव्हे, मिस्ये. मिले."

मिले. खेचर. तेच, कोठीवर, म्हणजे उसाच्या मळ्यावर, गाड्यांना जुंपायचे ते.

"नक्की?" देवराजचा आवाज किनरा आला.

"मी तीस वर्षं खेचरांच्या पाठी तपासल्यात. लाथाही खाल्ल्यात. नक्की."

आणि तेव्हा देवराजला धक्क्यावरचा तो म्हातारा आठवला. निघताना तो कातड्यावर हात ठेवून पुन्हा पुन्हा "मुला, मुला" म्हणाला होता. देवराजला वाटलं होतं, केवढा प्रेमळ माणूस, परक्याला मुला म्हणतो! त्याने डोळ्यांत पाणी आणून वाकून नमस्कारही केला होता. त्याने डॉक्टरांना विचारलं.

"स्पॅनिशमध्ये मुला म्हणजे खेचर," डॉक्टर म्हणाले.

देवराज मटकन खुर्चीत बसला आणि हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बाहेरून शेळीनेही आवाज दिला.

धाकटा कोंगाही त्याच जातीचा, हे त्याने नेलेल्या केसांवरून कळलं; बोंगोंची कड त्याने कागदात बांधून नेली होती, ती बकऱ्याची निघाली. दाखला त्याच छापील फॉर्मवर मिळाला, कारण दुसरा नव्हताच. "प्रकार" पुढे खेचर. "प्रकृती" पुढे डॉक्टरांनी जरा विचार करून लिहिलं: समाधानकारक.

शनिवारी हॉल भरला होता. देवराजने दाखला वाचून दाखवला, मराठीत आणि मग बेटावरच्या क्रेओल बोलीत, कारण तरुण मंडळींना मराठी कळायची पण खात्री वाटायची नाही. हरिलालगुरुजींनी कागद हातात घेऊन शिक्का तपासला. त्यांचे खांदे, जे चार दिवस कानांपर्यंत चढले होते, हळूहळू आपल्या जागी आले.

चंद्रमोहन उठला. "गाईचं नाही, मान्य. पण खेचर देवळात चालतं का? शास्त्र काय म्हणतं?"

सगळ्यांनी पुजाऱ्यांकडे पाहिलं. पुजाऱ्यांनी शास्त्रात खूप शोधल्यासारखा चेहरा केला. "खेचराबद्दल," ते म्हणाले, "शास्त्र गप्प आहे."

"गप्प म्हणजे हो की नाही?"

मागच्या रांगेत काठी आपटली. विद्यावतीआजी उभ्या राहिल्या. हे सगळं त्यांच्याच नाकामुळे झालं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"माझा घरवाला कोठीवर मिलेची गाडी हाकायचा," त्या म्हणाल्या. "एक मिले व्हता, लालू नावाचा. मालक ह्यांना शिवी द्यायचा तसा त्यालाबी द्यायचा. दोघं सकाळी संगट जायचे, संगट यायचे. लालू मेला त्या दिशी हे जेवले नाय. त्याला देवळात बंदी घालनार तर ह्यांच्या फोटोलाबी बाहेर काढा." आणि त्या बसल्या.

हॉलमध्ये असं एकही घर नव्हतं ज्यात कोणी ना कोणी ती गाडी हाकली नव्हती. चंद्रमोहनच्या आज्यानेही हाकली होती. तो म्हणाला, "माझा मुद्दा फक्त शास्त्राचा होता," आणि खाली बसला. पुढे कोणी मत मागितलं नाही, कोणी दिलं नाही.

सोमवारी गणपती बसला. देवराजने कोंग्यांवर आरती वाजवली. सुरुवातीला तो इतका घाबरला होता की ठेका पळत सुटला आणि आरती त्याच्या मागे धापा टाकत आली. गुरुजींनी मान वळवून पाहिलं आणि टाळ्या तशाच चालू ठेवल्या. झाकरीचा नाच सुरू झाला तेव्हा मात्र हाताला वाट सापडली. पोरी फेर धरून वाकल्या की मोठा कोंगा खालून हूं म्हणायचा, उठल्या की बोंगो टिपरी मारायचे. मिस्ये गास्तों दारात बूट काढून उभे होते. त्यांनी शेवटी राहवेना म्हणून आत येऊन धाकटा कोंगा ताब्यात घेतला. देवराजचे तळवे सुजले, आणि त्याला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन आटोपून सगळे परत आले, आणि हरिलालगुरुजींनी घसा साफ केला. अर्जात वाद्यं देवळाची म्हणून नोंदली आहेत. तेव्हा नियमाप्रमाणे ती आता हॉलच्या मागच्या खोलीत राहतील, किल्ली अध्यक्षांकडे. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. नियम होता, आणि गुरुजींना पुन्हा नियम पाळायला मिळत होता, याचंच त्यांना समाधान.

सही देवराजनेच आणली होती. त्याने कोंग्यावरून हात फिरवला, आणि करपलेल्या जागेपाशी तो थांबला.

"तिथे ओल आहे," बायकांच्या रांगेतून आवाज आला.

इंद्राणी होती. साऱ्या गावाने तिच्याकडे पाहिलं. देवराजने तर वळून वळून पाहिलं.

"मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावून बघा, गुरुजी. पंधरा दिवसांत बुरशी येईल. ढोलांना रोज चुलीच्या उबेला, हातभर लांब ठेवायला लागतं. जास्त जवळ नाही. मी ठेवते ना, मला माहीत आहे. देवळाचे आहेत तर देवळाचे असू देत, पण राहतील आमच्याकडे."

गुरुजींनी जाऊन भिंतीला हात लावला. ओला हात धोतराला पुसत ते परत आले आणि म्हणाले, "लिहून ठेव, चिटणीस. वाद्यांची देखभाल: सौ. इंद्राणी भिवाजी."

घरी जाताना देवराजने दोन्ही खांद्यांवर एकेक कोंगा घेतला होता; दोन्हीकडून काही दिसत नव्हतं, म्हणून तो समोर चालणाऱ्या इंद्राणीच्या पदराकडे बघत चालला होता. बोंगो तिच्या काखेत होते. उसाच्या कडेचा रस्ता मोकळा होता, पुढे मागे कोणी नव्हतं. थोडं अंतर गेल्यावर त्याला एक बारीक आवाज ऐकू आला. टक, टक-टक. तो थांबला. आवाज चालूच राहिला. इंद्राणीची बोटं बोंगोवर चालली होती, हलकेच, आणि ताल बरोबर होता.

देवराजने श्वाससुद्धा जपून घेतला, आणि पाय तालात टाकत तिच्या मागून चालू लागला.